तिच्या नावावरचं घर

त्या गावाचं नाव मी लिहीत नाही. ती माणसं, निदान त्यांची मुलंबाळं, अजून तिथं राहतात. वर्धा जिल्ह्यातलं, मोठ्या रस्त्यापासून दीड कोस आत, पऱ्हाटी-तुरीच्या वावरांमधलं गाव, एवढं सांगितलं तरी पुरे. ऐंशीचं दशक निम्मं सरलं होतं. मी पंचायत समितीत ग्रामसेविका होते. वय अठ्ठावीस, लग्न झालेलं नव्हतं. वर्ध्याला भाड्याच्या दोन खोल्यांत मी आणि आई राहत होतो. वडील जाण्याआधी त्यांनी शहराबाहेर एक लहानसा प्लॉट घेऊन ठेवला होता. त्यावर घर बांधायचं म्हणून मी सरकारी घरबांधणी अग्रिमासाठी, म्हणजे पगारातून फेडायच्या कर्जासाठी, अर्ज केला होता, आणि आई दर रविवारी पायी जाऊन तो मोकळा प्लॉट बघून यायची.

त्या वर्षी सरकार भूमिहीन मजुरांना घरं बांधून देत होतं. त्या गावाच्या वाट्याला अकरा घरं आली. एक खोली, मागे स्वयंपाकाची जागा, वर कवेलूंचं छप्पर, बिनधुराची चूल आणि अंगणाच्या टोकाला संडास. घरं उभी करणं ओव्हरसियरचं काम. माझ्याकडे दोन गोष्टी होत्या. बायांना ती चूल कशी पेटवायची ते दाखवायचं, आणि ताबा देताना त्यांच्या सह्या-अंगठे घ्यायचे. कारण वरून नवा नियम आला होता की घर नवऱ्याच्या नाही, बाईच्या नावावर करायचं.

तो नियम मला फार आवडला होता. सभेत समजावून सांगताना माझा आवाज आपोआप चढायचा. "घर तुमच्या नावावर राहील. मग तुम्हाला घरातून कोणी काढू शकणार नाही," असं मी म्हणायचे. बाया पदराआड हसायच्या. एक म्हातारी म्हणाली, "कागदावर माह्यं नाव राहीन बाई, पन काठी तं त्याह्यच्याच हातात राहीन ना." सगळ्या मोठ्यानं हसल्या, मीही हसले.

ताब्याच्या दिवशी शाळेची एक खोली रिकामी करून घेतली. टेबलावर यादी, कागद, जांभळ्या शाईचं पॅड. शेजारच्या खुर्चीवर सरपंच. एकेक जोडपं येऊन जात होतं. आठव्या नंबरला एक उंच, चांगले धुतलेले कपडे घातलेला माणूस आला. त्याच्या मागे पदर भुवयांपर्यंत ओढलेली बाई.

मी यादीतलं नाव वाचलं. "तुम्हीच ना?"

"हो जी, तेच हाये," माणूस म्हणाला.

"त्यांना बोलू द्या."

तिनं आधी त्याच्याकडे पाहिलं आणि मग यादीतलं नाव सांगितलं. आडनावापाशी अडखळली. मी सरपंचांकडे वळले.

"घ्या अंगठा, बाई," ते म्हणाले. "माह्या गावातले मानसं मले मालूम नाई काय?"

चार वाजत आले होते. फाट्यावरून शेवटची एस.टी. पाचला जायची आणि फाट्यापर्यंत तासाभराची पायवाट होती. अजून तीन जोडपी बाकी होती. मी तिचा अंगठा पॅडवर दाबला, कागदावर टेकवला, खाली 'माझ्या समक्ष' असं लिहून सही केली. तेव्हा मला काही खटकलं नव्हतं असं मी पुढं झालेल्या चौकशीतही म्हटलं नाही आणि आजही म्हणणार नाही. स्वतःचं नाव सांगायला कोणी नवऱ्याच्या तोंडाकडे बघत नाही. मला ते कळलं होतं. गाडी मात्र मिळाली.

चार-पाच महिन्यांनी, कापसाची वेचणी संपत आली असताना, एक बाई ऑफिसात माझ्या टेबलासमोर येऊन उभी राहिली. तिशीच्या आसपासची, पाय घोट्यापर्यंत धुळीनं भरलेले, हातात कापडाची पिशवी. गिरडच्या बाजूनं तीन गाड्या बदलून आली होती.

"ग्रामसेविका बाई तुमीच का?"

"हो. बसा."

बसली नाही. "माह्या नावानं सरकारनं घर देल्लं म्हन्ते. खरं हाये का?"

मी नाव विचारलं. तिनं स्वतःचं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव, सगळं एका दमात सांगितलं. आमच्या भागातल्या बाया नवऱ्याचं नाव असं घेत नाहीत. मी यादी काढली. आठवा नंबर.

"आहे," मी म्हटलं. "ताबाही देऊन झालाय. हा तुमचा अंगठा."

तिनं वाकून त्या जांभळ्या ठशाकडे पाहिलं. "मी चार वर्ग शिकली, बाई. मले सही येते. मी काऊन अंगठा लावीन?"

टेबलावरचं पेन तिनं मला न विचारता उचललं आणि एका जुन्या परिपत्रकाच्या पाठीवर नाव लिहिलं. मोठं, वळणदार नसलेलं, पण पूर्ण नाव. ते लिहून होईपर्यंत मी खुर्चीत बसून होते.

तिची हकीकत तिनं उभ्याउभ्याच सांगितली. तीन वर्षांपूर्वी नवऱ्यानं घराबाहेर काढलं होतं. "तो रोज मारे. एक डाव मीनं उलटून मारलं. मंग त्यानं हाकललं." तेव्हापासून ती भावाकडे, गुरांच्या कोठ्याला लागून असलेल्या पडवीत राहत होती. गिरडच्या पहाडीवर नवस फेडायला सासरगावच्या बाया आल्या होत्या, त्यांच्याकडून तिला कळलं की तिच्या नावाचं घर झालं आहे आणि त्यात नवरा दुसरीला घेऊन राहतो आहे.

"तो ठेवो कोनाले ठेवाचं थे," ती म्हणाली. "माह्यं घर मले द्या."

मी तिला पंधरा दिवसांनी यायला सांगितलं आणि बीडीओ साहेबांच्या खोलीत गेले. ते वाईट गृहस्थ नव्हते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, कागद पाहिला, आणि बोट माझ्या सहीवर ठेवलं.

"चौकशी लावली तर पहिला प्रश्न कोणाला येईल? हे 'समक्ष' कोणी लिहिलं?"

"मी."

"घरं पूर्ण झाली, ताबे दिले, असा अहवाल वर गेला आहे. आता ते आपसात मिटवतील. आणि तुमचा अग्रिमाचा अर्ज इथेच, माझ्या टेबलावर आहे. चौकशी सुरू असलेल्या कर्मचाऱ्याचा अर्ज मी पुढे पाठवू शकत नाही. नियमच तसा आहे."

ते धमकावत नव्हते, नियम सांगत होते. मी घरी आले. आईनं विचारलं, "काही झालं का ऑफिसात?" मी नाही म्हटलं. आठ दिवस मी काहीच केलं नाही. पंधरा दिवस होतील तेव्हा ती परत येईल, या धास्तीनं दारात कोणाची सावली पडली तरी मान वर करत होते.

नवव्या दिवशी चूल तपासायच्या निमित्तानं मी त्या गावी गेले. नवरा कामावर होता. दार तिनंच उघडलं, अंगठा लावणारीनं. पदर डोक्यावर नव्हता, त्यामुळे पहिल्यांदाच चेहरा दिसला. अगदी कोवळा, विशीचा असेल नसेल. कडेवर दोन-तीन महिन्यांची मुलगी. अकरा घरांमध्ये बिनधुराची चूल नीट चालत होती ती फक्त तिच्याकडे. बाकीच्यांनी धुराची नळी बुजवून तिथं डबे ठेवले होते. भिंती सारवलेल्या, दारापुढं सडा. तिनं मला काळा चहा दिला आणि मी काही विचारायच्या आधीच म्हणाली,

"मले काढान काय इथून?"

"तुम्ही दुसरीचं नाव का सांगितलंत?"

"त्यानं सांगतलं, हे नाव सांगजो, अंगठा लावजो. मीनं लावला. मी आंजीकडची हाये, बाई. माय मेली, बाप मले लेक म्हून वयखत नाई आता. मले दुसरी जागा कोनती?" तिनं मुलीला थोपटलं. मग म्हणाली, "डोकं फिरलं का तो रोज म्हन्ते, हे घर काई तुह्या नावाचं नाई, निंग इथून."

परतताना फाट्यापर्यंतची वाट मला कशी संपली ते आठवत नाही. घर ज्या बाईच्या नावावर होतं ती गुरांच्या कोठ्याशेजारी राहत होती. आणि जी बाई घरात होती तिला रोज त्याच नावाची भीती घातली जात होती. नियम मी स्वतः या गावाला शिकवला होता.

मी अहवाल लिहिला. 'अंगठा घेताना ओळख पटवण्यात माझ्याकडून कसूर झाली' हे पहिल्या वाक्यात लिहिलं, म्हणजे पुढं कोणाला ते शोधावं लागू नये. दुसऱ्या बाईचं नाव लिहायची वेळ आली तेव्हा ध्यानात आलं की ते मी विचारलंच नव्हतं. 'सदर महिला' असं लिहिलं.

चौकशी वर्षभर चालली. सरपंचांनी सांगितलं, अंधार होता, चेहरा दिसला नाही. दुपारचे चार वाजले होते. नवऱ्यानं सांगितलं, पहिली आपणहून निघून गेली. ती मात्र प्रत्येक तारखेला तीन गाड्या बदलून आली आणि प्रत्येक कागदावर सही करून गेली. शेवटी माझी एक वेतनवाढ थांबली, जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला बदली झाली आणि आदेश निघाला की ताबा मूळ लाभार्थी महिलेस द्यावा. माझा अग्रिमाचा अर्ज त्याआधीच 'चौकशी प्रलंबित' असा शेरा घेऊन परत आला होता. पुढं आईचं दुखणं निघालं आणि तो प्लॉट विकावा लागला. आई भाड्याच्या खोलीतच गेली. अहवाल का लिहिलास, असं तिनं मला कधी विचारलं नाही. पण प्लॉट विकल्यावरही दोन रविवार ती तिकडे जाऊन आली.

त्यानंतर दोनेक वर्षांनी हिंगणघाटच्या बसस्टँडवर ती मला दिसली, सही करणारी. तिनंच हाक मारली. मी आधी तिच्या घराचं विचारलं.

"भेटलं ना," ती म्हणाली. "तलाठी होता, पोलीस पाटील होता. तो घरी नोता. ती होती, पोरगी घेऊन. तलाठ्यानं तिचे भांडे बाहीर ठेवले. मीनं म्हनलं, तू राह्य वं, एका कोपऱ्यात राह्य, मी काई म्हनत नाई. ती म्हने, तुमच्या घरात मी कशी राहू? मी म्हनलं, इतके दिवस कोनाच्या घरात होती? तिनं पोरगी घेतली, भाताचा गंज घेतला अन् गेली."

"कुठे?"

"मले नाई मालूम."

"आणि तुम्ही? तिथंच राहता ना?"

"चार महिने राह्यली. कोनी कामाले बोलवे नाई. इहिरीवर गेली का बाया बाजूले सरत. तो सांजच्याले पिऊन ये अन् कवेलूवर गोटे मारे. मंग मीनं कुलूप लावलं अन् भावाकडं गेली. दिवाईले मीच जातो, सारवतो, फुटले कवेलू बदलवतो, येतो." मग तिनं विचारलं, "तुमी कुठं राह्यता आता?"

"भाड्यानं."

"सरकारी नोकरी अन् भाड्यानं?" तिला ते खरं वाटेना. तिनं पिशवीतून दोन संत्री काढून माझ्या हातात ठेवली. तेवढ्यात गिरडची गाडी लागली आणि ती गर्दीत शिरून चढली.

आदेश बरोबर होता. माझा अहवालही बरोबर होता, असं मला अजून वाटतं. पण तलाठ्यानं ती भांडी अंगणात मांडली ती माझ्या कागदावरून. पुढं कामासाठी ज्या गावी गेले तिथं मी विचारत राहिले की कडेवर मुलगी असलेली, मूळची आंजीकडची, गोरीशी एक तरुण बाई इथं आली का. कोणी विटाभट्टीकडे बोट दाखवायचं, कोणी कापसाच्या जिनिंगच्या आवाराकडे. मी जाऊन बघायचे. दर वेळी कोणीतरी दुसरीच असायची, आणि तीही मला हेच विचारायची की घरासाठी नाव लिहून घ्यायला आलात का, बाई.