चौदा अंचलांचा नेपाळ

सिंगापूरमधल्या तोआ पायोहच्या फ्लॅटमध्ये माझी नात रंगीत पेन्सिलींना टोक काढत होती. तासलेल्या लाकडाचा वास आला आणि माझे लक्ष तिच्यासमोरच्या नेपाळच्या नकाशाकडे गेले.

"यातले चौदा अंचल कुठे गेले?"

"आजोबा, आता सेव्हन प्रॉव्हिन्स ओन्ली लाह."

नकाशा बरोबर होता. मी मात्र त्या वासात अडकलो.

तरुणपणी मी नेपाळमध्ये रस्त्याच्या कामावर होतो. तिथे दरड कोसळली, तेव्हा मोडलेल्या देवदारांचा असाच वास सुटला होता. माझा मित्र, सर्वेक्षक दिलबहादूर, छातीपर्यंत गाडला गेला होता. लोक माती उपसत होते. त्याची शुद्ध हरपू नये म्हणून मी म्हणालो, "शाळेत पाठ केलेले अंचल म्हण. पूर्वेकडून."

"परीक्षा घेतोस काय रे?" तो हसला. "मेची, कोशी, सगरमाथा..."

आमचे जुने सहकारी आजही ठासून सांगतात की तो तत्काळ गेला, त्याला काही कळलेच नाही. ही मंडळी दरडीच्या पलीकडे होती. त्याचा हात माझ्या हातात होता, तेव्हा त्यांनी मला ऐकवू नये. धवलागिरी हे नाव त्याने दोनदा उच्चारले, कारण त्याचे घर त्या अंचलात होते. तिथे तो थांबला.

मी पुढचे नाव सुचवले, राप्ती. त्याने ते उचलले नाही. भेरी, कर्णाली, सेती मी एकट्यानेच म्हटले. महाकालीपाशी पश्चिमेला त्याचा देश संपला, आणि मला म्हणायला काहीच उरले नाही.