आत्याबाईंचा पगार

मैत्रिणीला कामावर ठेवू नये म्हणतात. मी ठेवली, आणि वर तिच्याकडून रीतसर अर्जही लिहून घेतला.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी कराडजवळच्या एका साखर कारखान्याच्या कचेरीत कारकून, नवरा नोकरीपायी सांगलीला, तो उगवणार शनिवारी, आणि पदरात दोन वर्षांची पोर. पोर अर्धा दिवस माझ्या आईकडं आणि अर्धा दिवस मैत्रिणीकडं असायची. तेवढ्यात कारखान्यानं फतवा काढला: लहान मूल असलेल्या बायकांना सांभाळभत्ता मिळेल. मात्र सांभाळणारी बाई नात्यातली नको, तिचं नेमणूकपत्र हवं आणि दर महिन्याला सहीची पावती. हा नियम करणाऱ्यानं जन्मात कधी मूल मांडीवर घेतलं नसणार, हे मी आजही छातीठोक सांगते. आई नात्यातली, म्हणून ती बाद. उरली मैत्रीण.

ती माझी कॉलेजातली मैत्रीण. दोन गल्ल्या पलीकडं सासूबरोबर राहायची, नवरा फौजेत, सीमेवर. सासूला ती आत्याबाई म्हणायची, म्हणून मीही आत्याबाईच म्हणायची. ऊस होता, दारात दोन म्हशी होत्या, आणि आमच्या घरातली बाई दुसऱ्याच्या पैशाला हात लावत न्हाई, हा आत्याबाईंचा बाणा होता. मैत्रिणीला मात्र मोपेड घ्यायची होती, आणि तीही स्वतःच्या पैशानं. नवऱ्याची मनीऑर्डर आत्याबाईंच्या नावावर यायची. टिकलीचं पाकीट घ्यायचं तरी हिला कारण सांगावं लागे.

"मला पगार दे," ती म्हणाली, "पण आत्याबाईंना कळलं तर मोपेड गेली, आणि तुझी पोर तुझ्या गळ्यात. ध्यानात ठेव."

मग आम्ही तिच्या सोप्यात बसून नेमणूकपत्र लिहिलं. तिनं 'माननीय महोदया' असा अर्ज केला. हळदीकुंकवाला भरपगारी रजा मागितली. मी लिहिलं, वर्तणूक समाधानकारक असेल तरच मुदत वाढेल. "आणि तुझी वर्तणूक गं? ती कोण बघणार?" म्हणत ती इतकी हसली की गोठ्यातनं आत्याबाई ओरडल्या, "काय दात काढताय गं?"

"काय न्हाई आत्याबाई, पोरीची गंमत!"

पहिला पगार ज्वारीच्या डब्यात तळाशी गेला. दुसराही.

त्या उन्हाळ्यात सीमेवर लढाई पेटली. आमच्या भागात घरटी एक तरी माणूस फौजेत. रेडिओवर बातम्या लागल्या की गल्लीत भांडं वाजायचं नाही. दारात अनोळखी माणूस आला की बायकांच्या काळजाचं पाणी व्हायचं. आणि नेमक्या त्याच दिवसांत आमच्या साहेबांना भत्त्याची पडताळणी करायची बुद्धी झाली.

खाकी शर्ट, काखेत फाईल, कारखान्याची जीप. मला त्यांनी मागं बसवलं आणि बजावलं, "तुम्ही गाडीतच थांबायचं. आधी बोललात तर बाईंना पढवाल." वा रे न्याय! मी बसले गप.

ते दारात गेले. अर्जावर नवऱ्याचा व्यवसाय लिहिलेला होता, त्यामुळं त्यांनी पहिला प्रश्न केला, "फौजी जवानाचं घर हेच का?"

आत्याबाई उंबऱ्यातच मटकन बसल्या. माझी पोर त्यांनी ओढून घट्ट पोटाशी धरली. मैत्रीण पिठाच्या हातांनी बाहेर आली आणि भिंतीला टेकली. शेजारच्या बायका जागच्या जागी उभ्या. साहेबांनी फाईल उघडली, मग खिशात चष्मा शोधू लागले. हा खिसा, तो खिसा. एवढी सगळी गल्ली मरायला टेकली होती आणि या बाबाला चष्मा सापडेना!

मी जीपमधनं उडी मारली. "आत्याबाई, पगाराचा साहेब हाय! तुमच्या सुनेच्या पगाराचा! ती पोर सांभाळायचे पैसे घेती माझ्याकडनं!"

बोलले आणि जीभ चावली. मैत्रिणीनं डोळे मिटून घेतले.

"म्हंजी माझा ल्योक…?" आत्याबाईंनी विचारलं.

"सुखरूप असणार, आत्याबाई. ह्यांना त्यातलं काय ठाऊक!"

आत्याबाई हमसून हमसून रडल्या. मग पदरानं नाक पुसत म्हणाल्या, "पगार घेती व्हय? घेऊ दे की. दोन घेऊ दे! आवं सायेब, बसा, भाकरी खावा."

साहेबांनी पिठलं-भाकरी खाल्ली, वर ताक प्यायले आणि पडताळणी केली. आत्याबाईंनी तेवढा वेळ पोरीला मांडीवरनं खाली सोडलं नाही.

पंधरवड्यानं पत्र आलं. 'मुलीचा सांभाळ प्रत्यक्षात नेमलेल्या बाईंच्या सासूबाई करत असल्याचे आढळले. सबब नेमणूक व पावती त्यांच्या नावे करावी.' कपाळावर हात मारून घेतला मी! मैत्रीण नोकरीतनं गेली, आत्याबाई लागल्या.

मी भीतभीत पैसे घेऊन गेले. आत्याबाईंनी पत्र तीनदा वाचून घेतलं. पावतीवर अंगठा उठवला. नोटा मुठीत धरून बसल्या. मैत्रिणीनं चहाचं आधण ठेवलं, पण तिचं सगळं लक्ष त्या मुठीकडं होतं. मोपेड गेली, असं मलाही वाटलं.

"साठ वरसं राबले," आत्याबाई म्हणाल्या. "शेण काढलं, ऊस खुरपला. हातावर पगार कुणी ठेवला न्हवता."

चहा उतू जायला आला तशा त्या उठल्या आणि नोटा सुनेच्या हातात दिल्या. "धर. तुझंच हाय. जरा धरून बघितलं."

दिवाळीला मोपेड आली. तोवर दर महिन्याला चहा उकळेपर्यंत पगार आत्याबाईंच्या मुठीत असायचा, आणि आम्ही दोघी गॅस बारीक ठेवायचो.