वखारीकडं गेलेली वायर

"हात पुढं कर."

मी केले. सर जरासे वाकले, लांबूनच वास घेतला आणि तोंड वाकडं करून सरळ झाले.

"तंबाखू. मशीन घाण होतंय. दारात उभी ऱ्हा, तिथनंच बघ."

रांगेतली पोरं हसली. मी दारात उभी राहिले. कॉम्प्युटरचा तास संपेपर्यंत.

आठवीत होते. कर्नाटकातल्या निपाणीच्या अलीकडं आमचं गाव, गावात सरकारी मराठी शाळा. त्या वर्षी सरकारनं शाळेला फुकट इंटरनेट दिलं. एक खोली रंगवली, कॉम्प्युटर मांडले, भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'सर्वांसाठी इंटरनेट'. आमची बौद्ध वस्ती गावाच्या खालच्या अंगाला. वस्तीत घरोघर विड्या वळतात. शाळेतून आले की मीही मांडीवर सूप घेऊन आईशेजारी बसायचे. हाताला वास असणारच.

पण तंबाखू काय आम्हीच पिकवत होतो? शाळा समितीच्या अध्यक्षांना सगळं गाव आप्पा म्हणायचं. त्यांचं रान तंबाखूचं. शाळेच्या कुंपणाला लागून त्यांची वखार. त्यांची पुतणी माझ्याच वर्गात. तिचे हात सरांनी कधी हुंगले नाहीत. ती येऊन सरळ खुर्चीत बसायची.

मी हात राखेनं घासले. लिंबू चोळलं. दगडानं खरवडले, कातडं सोलवटलं. पुढच्या तासाच्या आदल्या दिवशी सुपाला शिवलेच नाही, आईनं एकटीनं काम ओढलं. सरांनी त्या वेळी वास घेतलाच नाही. माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "जात न्हाय गं तो. उभी ऱ्हा."

तेव्हा कळलं, कुठला वास ते.

पुढं तर ती खोलीच बंद झाली. विचारलं की एकच उत्तर. "नेट न्हाय."

आणि नेमकी तेव्हाच शिष्यवृत्तीच्या परीक्षेची वेळ आली. ती मिळाली असती तर हायस्कूलची काळजी मिटली असती. अर्ज शाळेतूनच भरायचा, ऑनलाइन. मी रोज सरांच्या टेबलापाशी जायचे. रोज तेच. नेट न्हाय. उद्या बघू.

आई दिवसा आप्पांच्या वखारीत तंबाखू निवडायला जायची. एका संध्याकाळी ती आली. चूल पेटवली, भाकरी थापली. मग म्हणाली, "वखारीत कॅमेरे बसवल्यात. आमच्या डोसक्यावर. कोण पदराच्या वट्यात तंबाखू घालून न्हेतंय का, ते आप्पा घरात बसून फोनमधी बघत्यात."

"नेट कुठनं आलं?"

"शाळेच्या खिडकीतनं वायर आलीया," आई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या मागं जाऊन बघितलं. काळी वायर. खिडकीतून निघालेली, कुंपणावरून थेट वखारीच्या पत्र्याखाली गेलेली. मी शिकावं म्हणून आलेलं नेट माझ्या आईवर पहारा करत होतं. घरी येऊन आईला सांगितलं.

आई आप्पांच्या दारात गेली. मी बरोबर होते. पायरीच्या खाली उभं राहूनच बोलली. "आप्पा, पोरीच्या अर्जापुरतं तरी नेट सोडा."

आप्पा झोपाळ्यावर होते. "आणि तेवढ्यात वखारीतनं माल गेला तर? तू भरून देणार?" म्हणाले. मग फोनकडं बघत बसले. आम्ही उभ्याच. कोणी जा म्हणालं नाही, थांब म्हणालं नाही. शेवटी आईनंच माझा दंड धरला.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी आईनं कामाला खाडा करून मला निपाणीला नेलं. स्टँडजवळ ऑनलाइन अर्ज भरणारं दुकान होतं. दुकानदारानं शोधलं, पुन्हा शोधलं. "हे शाळेच्या पासवर्डनंच उघडतंय, आक्का. मी काय करू?" आईनं हात जोडले. त्या माणसाला काहीच करता येत नव्हतं, तरी जोडले. तो मान खाली घालून बसला. अर्ज राहिला.

मग एक दिवस खोलीचं कुलूप निघालं. फरशी पुसली, हार आणले. योजना कशी चाललीय ते बघायला साहेब येणार होते, कॅमेरावाला घेऊन. सर वर्गात आले, सगळ्यांवरून नजर फिरवली आणि माझ्याकडं बोट केलं. "वस्तीतली एक पोरगी पायजे फोटोत. चल."

साहेब आले तेव्हा, ज्या खुर्चीला मला कधी शिवू दिलं नव्हतं, तिच्यात मला बसवलं. समोर नुसता निळा पडदा. नेट नव्हतंच.

"माऊस धर. पडद्याकडं बघ. हस," सर म्हणाले.

सरांना माझ्या हाताचा वास आला नाही त्या दिवशी.

मी हात मांडीवर ठेवले. म्हणाले, "नेट सोडा. मग धरते."

सर दातओठ खात हळूच म्हणाले, "गप धर गं." मी धरला नाही. साहेब कन्नड होते. त्यांनी सरांना विचारलं, "एनंताळे?" काय म्हणते ही?

सर बोलायच्या आत मीच बोलले. याच शाळेत शिकलेल्या कन्नडमध्ये. "नेट इल्ला, सर. वायर गोडाऊनिगे होगिदे." नेट नाही, वायर वखारीकडं गेलीय.

साहेबांना कळलं. त्यांनी खिडकीकडं बघितलं. वायर दिसत होती. मग दारात उभ्या आप्पांकडं बघितलं. मला वाटलं, आता विचारतील.

ते घड्याळात बघून म्हणाले, "बेरे हुडुगी करीरी." दुसरी मुलगी बोलवा.

वस्तीतलीच सहावीतली पोरगी आणली. तिनं माऊस धरला. हसली. तिची काय चूक?

दुसऱ्या दिवशी आईला वखारीच्या दारातूनच परत लावलं. ती घरी आली, माझ्यासमोर बसली. मला वाटलं, मारणार. मारलं असतं तरी चाललं असतं.

"बोललीस ते बोललीस," आई म्हणाली. "आता कुणाम्होरं खाली बघू नको."

शिष्यवृत्ती नाही. आईचं वखारीतलं काम नाही. नुसत्या विड्यांवर हायस्कूल काढलं. कित्येकदा वाटलं, विहीर जवळ करावी. खोटं कशाला बोलू?

आता मी निपाणीत कॉलेजला आहे. शाळेतल्या भिंतीवरची 'सर्वांसाठी इंटरनेट' ही अक्षरं मध्यंतरी पुन्हा रंगवली. खोलीला कुलूपच. मी दर ग्रामसभेत उठते, खोली कधी उघडणार ते विचारते. मागल्या वेळी माझ्यापुढचा माईक बंद केला. मी माईकशिवाय विचारलं. कोणी हसलं, कोणी उठून गेलं. वस्तीतल्या बायका मात्र बसून राहिल्या.

त्या बायकांशी बोलणं झालंय. येत्या सोमवारी शाळा भरायच्या वेळी आम्ही पोरांना घेऊन त्या खोलीच्या दारात बसणार. वखारीतल्या कामावरून काढतील, काढू देत. पोलीस आणतील, आणू देत. कुलूप निघेपर्यंत उठायचं नाही. पोरं खुर्च्यांवर बसतील, पडद्यावर पान उघडेल, ते मी डोळ्यांनी बघेन. तोवर त्या दारातून मला उचलूनच न्यावं लागेल.