कांदे मांडून शिकलेलं इंग्रजी

माझं अक्षर वाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच जमलं नाही. हे पान कुणाच्या हाती लागलंच तर त्यानं तेवढं सांभाळून घ्यावं. माझी शाळा चौथीत सुटली.

कोल्हापुरात मुलींच्या खेळाच्या हॉस्टेलवर मी मेसमध्ये चपात्या करते. तिथं पार मणिपूरहून फुटबॉल खेळायला आलेली एक मुलगी होती. तिला मराठी येत नव्हतं, हिंदीही तोडकंमोडकं. मी तर ओळखीच्या माणसांशीही फार बोलत नाही. पण सराव संपला की ती ओट्यापाशी यायची आणि कांदे मांडून मला इंग्रजी शिकवायची. चार कांदे म्हणजे डिफेन्स, लसणाची पाकळी म्हणजे बॉल, ताटाबाहेरचा कांदा सब्स्टिट्यूट. टोमॅटो मुद्दाम कांद्याला आडवा घातला की फाउल. रेफ्रीनं बघितलंच नाही तर, असं मी हातवारे करून विचारलं. ती म्हणाली, "रेफ्री नॉट सीइंग, स्टिल फाउल." ते वाक्य मी चपात्या लाटताना घोकत राहिले.

मोठ्या संघाची निवड आठवड्यावर आली तेव्हा ती माझ्याकडं रोज गरम पाणी मागू लागली. गुडघा सुजला होता. हॉस्टेलच्या मॅडमना कळू न देता मी तिला दवाखान्यात नेलं आणि खर्चाचे दोन हजार माझ्या पगारातून भरले. ती म्हणाली होती, घरून पैसे आले की देते. डॉक्टरांनी हिंदीत स्पष्ट सांगितलं, आता खेळलीस तर गुडघा कायमचा जाईल.

तरी ती पट्टी बांधून मैदानात जायची. निवडीत बसली नाही तर घरचे परत बोलावणार होते. मला झोप लागेना. शेवटी मी ओट्यावर टोमॅटो ठेवला आणि तिचंच वाक्य तिला म्हणून दाखवलं. तिनं विचारलं,

"मावशी, यू माय टीम ऑर नॉट?"

तुझ्याच टीमची आहे, म्हणूनच मॅडमना सांगणार, असं मला म्हणायचं होतं. 'म्हणूनच'ला इंग्रजी शब्द मला येत नव्हता. आम्ही तिथवर पोचलोच नव्हतो.

दुसऱ्या दिवशी मी मॅडमपुढं उभी राहिले. सगळं ऐकून त्या एवढंच म्हणाल्या, "मावशी, आधीच सांगायचं न्हाई व्हय?"

तिचं नाव यादीतून गेलं. घरी जायच्या गाडीला निघताना तिनं सगळ्या मुलींना मिठी मारली. स्वयंपाकघराकडं ती आली नाही.

दोन महिन्यांनी माझ्या फोनवर पाचशे रुपये जमा झाल्याचा मेसेज आला. नाव तिचंच. पुढं मध्येमध्ये आणखी पाचशे येत राहिले. सोबत कधी एक शब्द नाही. गुडघा कसा आहे, ती खेळते का, मला कळायला मार्ग नव्हता. पण पैसे येत होते, म्हणजे निदान ती मला विसरलेली नव्हती.

काल शेवटचे पाचशे आले. दोन हजार पुरे झाले.