महाराण्यांचे अंबाडे

मंदा परुळेकर फिजिओथेरपिस्ट. राहायला महबूल्यात, पण पेशंट कुवेतभर. त्यातल्या सगळ्यात हट्टी, सबाह अल-सालेमच्या युसराबाई. त्यांचा उजवा खांदा आखडला होता. हात वर करा म्हटलं की त्या चहा मागवायच्या, मग खजूर, मग जुन्या हिंदी सिनेमांच्या गोष्टी. हिंदी त्या सिनेमे बघूनच शिकल्या होत्या.

त्यांच्या दिवंगत नवऱ्याला रोमन सोन्याच्या नाण्यांचा नाद होता, आणि तोही फक्त राजघराण्यातल्या बायकांचे चेहरे असलेल्या. एकदा व्यायाम टाळायला बाईंनी ती पेटीच मंदापुढे उघडली. मंदा भिंगातून बघत राहिली. नाकं जवळपास सारखीच, पण केस! कुणाच्या कपाळावर लाटा, कुणाच्या मानेवर गाठ, आणि फाउस्टिना नावाच्या महाराणीच्या वेण्या तर वेटोळं होऊन थेट टाळूवर. मंदाच्या डोक्यात किडा वळवळला.

"मला अस्सा अंबाडा घालून द्याल?" तिने विचारलं.

बाई खूश झाल्या. त्या दिवशी मंदा जमिनीवरच्या गादीवर बसली. पुढच्या खेपेला दुसरी महाराणी, आणि मंदा खुर्चीवर. त्यानंतर उंच स्टुलावर. बाई कुरकुरत होत्या, पण हात वर जात होता.

घरी दिनकर, तिचा नवरा, आधी तिच्या अंबाड्याभोवती एक चक्कर मारून आला. नंतर दार उघडताना विचारू लागला, आज कोण आलंय? मराठी मंडळाच्या हळदीकुंकवाला बायकांनी पार्लर विचारलं. मंदा म्हणाली, रोमचं. "नवीन आहे का? सालमियात?" एकीने पत्ता लिहायला मोबाईल काढला.

एके दिवशी मंदा जरा लवकर पोचली. युसराबाई स्वयंपाकघरात, सगळ्यात वरच्या फळीवरून मिठाईचा डबा काढत होत्या. उजव्या हाताने, अगदी आरामात.

"कधीपासून?" मंदाने विचारलं.

"तू खुर्चीवर बसलीस तेव्हापासून."

"मग बोलला का नाहीत?"

"ज्युलिया राहिली होती," बाई म्हणाल्या. नाण्यावरच्या या महाराणीचे केस शिरस्त्राणासारखे भरदार. त्यासाठी त्यांनी बाजारातून गंगावनही मागवून ठेवलं होतं.

मंदाने उपचार संपल्याचं तिथेच सांगितलं आणि मुकाट्याने स्टुलावर चढली. अजूनही सुट्टीच्या शनिवारी ती तिकडे जाते. हल्ली मात्र युसराबाई गादीवर बसतात, आणि त्यांच्या पांढऱ्या केसांची कुठली महाराणी करायची, ते मंदा ठरवते.