संध्याकाळची गिनती

चूक माझी होती, हे आधीच लिहून टाकतो. पुढे धीर झाला नाही तर... गुरुजींच्या तुरुंगातल्या आठवणींचं पुस्तक मी नांदेडला माझ्या छापखान्यात काढलं. "एक अक्षर हलवणार नाही" असा शब्द दिला होता. तो पाळला नाही. दीड महिन्यापूर्वी गुरुजी वारल्याचा मुखेडहून फोन आला, तेव्हा मी त्याच पुस्तकाच्या उरलेल्या प्रती बांधत होतो.

शाळेत त्यांनी मला मराठी शिकवलं. आणीबाणीत ते तुरुंगात होते, एवढंच आम्हाला ठाऊक होतं. म्हातारपणी त्यांनी तीन वह्या भरल्या. त्यांत तारीख कुठेच नव्हती. 'साबणाची दुसरी वडी संपत आली तेव्हा', 'भिंतीपलीकडची चिंच झोडपली त्या दुपारी', असं सगळं. पहिले सहा महिने चार पानांत संपले होते, आणि पत्नीच्या, म्हणजे आमच्या काकूंच्या, दोन भेटींमधली वाट पाहणं साठ पानं चाललं होतं. त्या पानांत रोज संध्याकाळची गिनती यायची. कोठडी बंद करण्याआधी कैदी मोजायचे, ती. सुटून आल्यावरही ती सवय राहिली. दिवेलागणीला दारात उभं राहून ते घरातली माणसं मोजायचे. स्वतः, काकू, सूनबाई. मी गेलेला असलो की म्हणायचे, "तू धरून चार."

तुरुंगातून आलेल्यांच्या आठवणी मी थोड्याफार वाचल्या होत्या. त्यांतही तारखा हळूहळू विरत जातात आणि एखादी दुपार वर्षाएवढी होते. तरी मला वाटलं, वाचकाला हे झेपणार नाही. काकूंनी ट्रंकेत जपलेल्या, तुरुंगाचा तारखेचा शिक्का असलेल्या भेटीच्या चिठ्ठ्या मी गुरुजींच्या नकळत मागून आणल्या. त्यांवरून महिने लावले, प्रकरणं सारखी केली. साठ पानांची नऊ झाली आणि वर माझी एक ओळ आली: 'पुढची भेट पाच आठवड्यांनी झाली.'

प्रकाशन लातूरला झालं. पाहुणे म्हणून आलेले एक पुढारी माइकवर म्हणाले, "गुरुजी, पाचच आठवडे? आमचे जावई याच्याहून जास्त मुक्काम ठोकतात की!" सभागृह हसलं. गुरुजी पुस्तक उघडून ती ओळ शोधत होते...

परतताना जीपमध्ये त्यांनी पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं. मग म्हणाले, "त्या दिवसांत मी लई म्हातारा झालो होतो रे. अन् तू कॅलेंडर लावून राहिलास."

"वाचकांसाठी केलं, गुरुजी."

"मला विचारायचं तरी."

मुखेडला पोचलो तेव्हा दिवे लागले होते. सूनबाईंनी चहा दिला. गुरुजी नेहमीसारखे दारात जाऊन उभे राहिले, घरात नजर फिरवली आणि म्हणाले, "तीन." मी कप हातात घेऊन समोरच बसलो होतो. त्यानंतर दोनदा गेलो, दोन्ही वेळा तीनच. तेव्हाच पाय धरायला हवे होते. मी मात्र मनात म्हणत राहिलो, पुस्तक तर चांगलं झालंय. मग जाणंच सोडलं.

गेल्या आठवड्यात त्या वह्या जशाच्या तशा टाइप करून, साठच्या साठ पानं, मुखेडला घेऊन गेलो. काकूंनी कागद मांडीवर घेतले, पण वाचले नाहीत.

"चिठ्ठ्या ह्यांनीच मागितल्यात म्हनला होतास तू," त्या म्हणाल्या. "म्हनून दिल्या. शेवटपर्यंत मलाच इचारत होते, तू का दिल्यास म्हनून. मी म्हनायची, तुमीच तर मागितल्या. त्यांना वाटायचं मी खोटं बोलून राहिले."

मी हे कुठेच धरलं नव्हतं.

सूनबाईंनी दिवा लावला. दार उघडंच होतं. मोजायला कुणी उठलं नाही. मी उठलो, उंबऱ्याबाहेर जाऊन उभा राहिलो आणि तिथूनच बोललो.

"काकू, त्यांनी काही मागितलं नव्हतं. खोटं मी बोललो, तुमच्याशीही आणि त्यांच्याशीही. मला माफ करा."