काखेतला बिब्बा

मावशीनं त्या गोऱ्या माणसाला बिब्बा घातला नव्हता. घातला असं मी सांगितलं, आणि मी सांगितलं म्हणून गावानं ते खरं धरलं. पुढं लिहिताना हात आखडायला नको, म्हणून हे आधीच लिहून टाकतो.

शिरड शहापूरहून थोडं आत आमचं गाव. इथल्या शाळेत मी इंग्रजी शिकवलं आणि इथंच निवृत्त झालो. सहा-सात वर्षांपूर्वी एका संस्थेकडून विहिरींच्या पाण्याचा अभ्यास करायला एक परदेशी माणूस गावात राहायला आला. थंड मुलखातला, चाळिशीचा, उन्हानं नाक कायम सोललेलं. त्याचं नाव कोणाच्या जिभेवर बसेना, म्हणून सगळे त्याला साहेब म्हणू लागले. त्याच्याशी नीट बोलू शकणारा गावात मी एकटाच. निवृत्तीनंतर मला कोणी विचारत नव्हतं, आता लोक पुन्हा विचारू लागले. सरपंच मला मोटारसायकलवर बसवून न्यायचे. मला ते फार आवडत होतं.

सगळं गाव जिला मावशी म्हणायचं ती साहेबाचा स्वयंपाक करायची. माझ्याहून वयानं मोठी, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, घरात मुलगा, सून आणि नातू. पण तिची गावातली ओळख स्वयंपाकाची नव्हती. कोणाच्या घरी बाळंतपण झालं की बाळाला न्हाऊ घालायला, तेल चोळायला तिलाच बोलावणं जायचं. आज गावात जी तिशीची माणसं आहेत, त्यांतली निम्मी तिच्या पायांवर पालथी पडून न्हालेली आहेत. कोणाची कंबर धरली, टाच दुखली तर बिब्बाही तीच घालायची. ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. बिब्बा हे एका झाडाचं काळं, टणक फळ. सुईला टोचून दिव्यावर धरलं की त्यातून तेल सुटतं, ते दुखऱ्या जागी टेकवायचं. तेल कातडी जाळतं, काळा डाग राहतो, आणि दुखणं गेलं असं माणूस म्हणतो. आमच्याकडच्या बहुतेक म्हाताऱ्यांच्या अंगावर असे डाग आहेत. माझ्या घोट्यावरही आहे.

साहेब प्रकृतीला फार जपणारा. येण्याआधी तिकडं नाना लसी टोचून घेऊन आलेला. पाणी उकळून, गाळून, वर त्यात गोळी टाकून प्यायचा. झोपताना मच्छरदाणी, सकाळी अंगाला मलम. उसाचा रस नको, बर्फ नको, चिरलेलं फळ नको. कुत्रं दिसलं की रस्ता बदलायचा. मावशीला याची गंमत वाटायची. "येवढं भ्यायचं व्हतं तं आला काहून?" असं तिनं एकदा विचारलं आणि मी ते त्याला सांगितलं. त्याला इतकं हसू आलं की भाकरीचा तुकडा घशात अडकला. आणि हाच माणूस दुपारी विहिरींची मापं घेऊन दमला की बांधावरच्या गवतात सदरा काढून खुशाल आडवा व्हायचा. गवताला भ्यावं असं त्याला कोणी सांगितलं नव्हतं. आम्हालाही ते माहीत नव्हतं.

सोयाबीन काढणीला आलं होतं तेव्हाची गोष्ट. त्याची टाच दुखत होती. मावशी बिब्बा, सुई आणि दिवा घेऊन हजर झाली. मी त्याला सगळं समजावून सांगितलं, तसा तो पाय पोटाशी घेऊन बसला. शब्द मात्र त्याला आवडला. दिवसभर येता-जाता "बिबा, बिबा" करत राहिला. मावशी म्हणाली, "नगं तं नगं, पर नाव तरी बराबर घे लेकरा."

त्यानंतर काही दिवसांनी त्याला ताप भरला. डोकं फुटेल असं दुखायचं, डोळे लाल, खोकला. त्याच्या पेटीतल्या गोळ्या झाल्या, ताप उतरेना. मी त्याला तालुक्याच्या गावी एका खाजगी दवाखान्यात नेलं. मलेरियाची तपासणी झाली, डेंग्यूची झाली, दोन्हींत काही निघालं नाही. डॉक्टरांनी सलाईन लावलं. छाती तपासायला त्याचा हात वर केला तेव्हा उजव्या काखेत, केसांच्या कडेला, एक काळा डाग दिसला. मध्ये खपली, भोवती लाल कडं. डॉक्टरांनी विचारलं, हे काय?

मी एका क्षणाचाही विचार न करता म्हणालो, "बिब्बा घातलाय."

मी साहेबालाही विचारलं होतं, नाही असं नाही. इंग्रजीत विचारलं, मावशीनं बिब्बा घातला का? तो तापात होता. "बिबा," म्हणाला आणि डोळे मिटले. मी तो होकार धरला.

डॉक्टर चिडले. सर, तुम्ही शिकलेली माणसं आणि परदेशी माणसाला असलं काही करू देता, असं बरंच बोलले. मला लाज वाटली. गावाची, मावशीची लाज. डॉक्टरांनी डागावर मलम लावून वर पट्टी चिकटवली. तो डाग मग कोणाच्या नजरेस पडला नाही.

त्याच संध्याकाळी त्याच्या विमा कंपनीच्या डॉक्टरचा तिकडून फोन आला. साहेबाला धड बोलता येत नव्हतं, म्हणून फोन माझ्या हातात आला. तो डॉक्टर शांतपणे एकेक विचारत होता. शेवटी त्यानं एक शब्द वापरला, जो मला आला नाही. तेव्हा त्यानं सोपं करून विचारलं: अंगावर कुठं काळी खपली आहे का, सिगारेटचा चटका बसल्यासारखी? काखेत, जांघेत नीट बघा.

मी म्हणालो, तसं काही नाही. एक डाग आहे, पण तो इथल्या गावठी औषधाचा आहे.

काखेत बघा, असं तो माणूस हजारो मैलांवरून सांगत होता. डाग काखेतच होता. मी त्याच्यापासून हातभर अंतरावर उभा होतो आणि माझ्या चांगल्या इंग्रजीत नाही म्हणून सांगत होतो. आजही हे आठवलं की मी जिथं असेन तिथं थांबतो.

पुढचे काही दिवस सलाईनवर गेले. मग त्याची लघवी बंद झाली, श्वास लागला, तो माणसं ओळखेना. आम्ही त्याला नांदेडला हलवलं. तिथं एक तरुण डॉक्टरीण होती. तिनं पहिल्यांदा अंगावरचं सगळं काढायला लावलं, पट्टीही. डाग पाहिला आणि माझ्याकडं वळली. मी पुन्हा तेच म्हणालो, बिब्बा.

"बिब्बा मी पाहिलाय," ती म्हणाली. "आजीनं मला घातलाय. काका, काखेत बिब्बा कोण घालतं?"

खरंच, कोण घालतं? टाच दुखणाऱ्याच्या काखेत कोण घालेल? गावातल्या कोणालाही विचारलं असतं तरी तो हसला असता. मी जन्मभर बिब्बे पाहिलेला माणूस, आणि ही साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही.

गवतात एक बारीक किडा असतो, डोळ्यांना दिसतही नाही. तो चावतो तिथं अशी खपली धरते आणि मग हा ताप येतो. ती म्हणाली की पावसाळा सरताना आपल्याकडं असे रुग्ण येतात, वेळेवर कळलं तर साध्या गोळ्यांनी बरे होतात, कोणत्याही औषधाच्या दुकानात मिळतात त्या. साहेबाची वेळ निघून चालली होती. तो श्वासाच्या यंत्रावर गेला. वाचला, पण एका कानानं ऐकू येणं गेलं. तिथूनच त्याला त्याच्या देशी नेलं. गावात तो परत आला नाही.

मी परत आलो तेव्हा गावात बातमी आधीच पोचली होती. तालुक्याच्या डॉक्टरांनी संस्थेच्या माणसाला फोनवर झापलं होतं, त्यानं सरपंचांना. मावशीचं स्वयंपाकाचं काम गेलं होतं. पारावर एकजण म्हणाला, मावशीला इलायतला धाडा, तिथं लई गोरे हायेत बिब्बा घालायला. सगळे हसले. मीही तिथं बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी मावशी माझ्या ओट्यावर आली. उभीच राहिली.

"गुरुजी, तुमी त्याची भाषा जाणता. त्याला इचारा, म्या घातला का?"

तेव्हा मला सगळं माहीत होतं. किडा माहीत होता, गवत माहीत होतं. बिब्बा नव्हता एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. पण मग कोणी तरी विचारलं असतं, बिब्बा आहे असं डॉक्टरांना सांगितलं कोणी? दिवस कोणामुळं वाया गेले? मी म्हणालो, "मावशी, तू आठवून बघ. वय झालं की विसरायला होतं."

ती ओट्यावरून उतरून निघून गेली.

बाळंतिणींच्या घरची बोलावणी थांबली. कोणी भांडलं नाही तिच्याशी. लोक नुसते दुसरीकडून बाई आणू लागले. साहेब अधूनमधून व्हिडिओ कॉल करायचा, चांगला कान पुढं करून "मावशी?" असं विचारायचा. मी सांगायचो, मजेत आहे.

यंदा तिच्या नातवाला मुलगी झाली. तिच्या सुनेनं सहज बोलता बोलता माझ्या बायकोला सांगितलं की म्हातारी पणतीला हातसुद्धा लावत नाही. तेलाची वाटी हातात दिली तर बाजूला ठेवते. बायकोनं ते मला जेवताना सांगितलं. मी ताट बाजूला सारलं. हात धुतला आणि तसाच तिच्या घरी गेलो.

मावशी दारात बसली होती. तिला आता कमी ऐकू येतं. मी शेजारी बसून सगळं सांगितलं, किडा, गवत, नांदेड, फोन, सगळं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली,

"जाऊ द्या गुरुजी. घातला असंल मीच."

मला वाटलं तिला नीट ऐकू आलं नाही. मी पुन्हा म्हणालो, तू घातला नाहीस.

"टाचंला घातला असंल. तो झोपला व्हता तवा. मला आठवत न्हाई, पर तुमीच म्हनले ना, इसरायला व्हतं म्हून. तुमी खोटं कशाला बोलसान?"

मी काय ऐकत होतो तेच मला कळेना. मला वाटत होतं, ती इतकी वर्षं मनातल्या मनात मला शिव्या देत असेल. मी तेवढ्याची तयारी करून आलो होतो. तिनं माझं बोलणं खरं मानलं असेल, हे माझ्या मनातही आलं नव्हतं. एका वाक्यात मी तिच्याकडून तिचं स्वतःचं आठवणं काढून घेतलं होतं.

"टाचेला नव्हता मावशी," मी म्हणालो. "डाग काखेत होता."

ती एकदम माझ्याकडं वळली.

"कुठं?"

"काखेत."

"काखंत बिब्बा घालत असत्यात व्हय?" तिचा हात आपसूक स्वतःच्या काखेशी गेला आणि परत मांडीवर आला. "काखंत व्हता, येवढं बी कुनी सांगितलं न्हाई मला. त्याच रोजी सांगितलं असतं तं म्या तितंच म्हनलं असतं, ह्यो माझा बिब्बा न्हाई."

आतून सून दारात येऊन उभी राहिली होती. समोरच्या घरातली बाई तांदूळ निवडता निवडता थांबली होती.

"मला काय सांगून राहिले," मावशी म्हणाली. "ह्यांना सांगा. शाळंत म्हनायचे तसं, मोठ्यानं."

मी उठून उभा राहिलो. गल्लीकडं तोंड करून म्हणालो की मावशीनं बिब्बा घातला नव्हता, मी चुकीचं सांगितलं आणि पुढं ते लपवलं.

"आन् काखंत व्हता ते बी सांगा," मागून मावशी म्हणाली.